आंब रंगाची गिटार

३ फेब्रुवारी, सोमवार

माझा रंग आज मी दुसऱ्याच्या खांद्यावर पाहिला!

दुपारी जेवताना मोबाइल उघडला. अमरावतीच्या कुठल्याशा कॉलेजचं स्नेहसंमेलन. पोरं नाचतायत, मागे वाजवणारे, आणि कडेला एक दाढीवाला गिटार घेऊन उभा. ती गिटार आंब रंगाची, हरभऱ्यावरच्या आंबट दवाच्या रंगाची. दोन सेकंदच दिसली. घास तोंडात तसाच धरून मी पुन्हा लावलं. पुन्हा. पुन्हा.

अम्मी म्हणाली, "मिस्बाह, खाना ठंडा हो रहा."

होऊ दे!

मोबाइलमध्ये रंग फसवतो हे मला कुणी शिकवायला नको. पण स्टेजचे दिवे निळे झाले तेव्हा ती गिटार राखेसारखी पडली, आणि पांढरे आले तशी परत हिरवी झाली. बाजारातला कुठलाही हिरवा असं करत नाही. ते मी शेवटी घातलेल्या व्हायलेटच्या थेंबाचं काम आहे.

आंब रंगाची गिटार जगात एकच आहे, आणि ती रागिणीची आहे. एकच असायला पाहिजे होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. घरात सगळे उर्दू वाचणारे. मराठी शाळेत मी एकटी गेले, कारण ती घराजवळ होती. त्यामुळे ही वही उघडी टाकली तरी कुलूप लावल्यासारखीच.

आमचं गाड्या रंगवायचं गॅरेज. अब्बांना, म्हणजे नासिर पेंटरना, अर्धं अकोला उस्ताद म्हणतं. गाडीचा घासलेला दरवाजा आणा, आणि नंतर कुठे घासला होता ते शोधत बसा — असा त्यांचा हात. पण दोन वर्षं झाली, शेड मी लावते. अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पांढरा त्यांना पिवळट दिसतो, निळा मेलेला दिसतो. ऑपरेशन "रमजान के बाद". कुठल्या रमजाननंतर, ते सांगत नाहीत. गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत नाही. अब्बा पुढे स्टुलावर बसतात, मी मागे मिक्सिंग करते, गिऱ्हाईक अब्बांना सलाम करून जातं. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरंच नाही.

गिटारी मात्र माझ्या.

रागिणी नि मी अमरावतीला बी.एस्सी.ला एका खोलीत राहिलो. ती आता तिथेच गिटार शिकवते. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याची जुनी काळी गिटार घेऊन आली आणि म्हणाली, "इले असा रंग दे जो कोनाकडंच नसन." मी हसले. अब्बा म्हणाले, गाडी लाल केली म्हणून ॲव्हरेज वाढते का? रागिणी त्यांना म्हणाली, "गाडीचं नाही मालूम चाचा. पन वाजवनाऱ्याचा हात बदलते."

तिनंच मला सगळं सांगितलं. की परदेशात जुन्या काळी गिटारवाले मोटारींचेच रंग वापरायचे. की दुकानदार कायम काळी नि लाल मागवतो, कारण ती खपते, आणि मग एखादी मळकट गुलाबी, एखादी फिकी निळसर हिरवी वर्षानुवर्षं भिंतीवर लटकून राहते, शेवटी स्वस्तात जाते. अशा फार थोड्या बनल्या. आज लोक त्याच शोधत हिंडतात. "जो रंग तवा कोनाले नको होता, तोच आता सगळ्यायले पायजे!" — हे सांगताना तिचे डोळे असे चमकायचे की मला त्या न खपलेल्या गिटारींची दया यायची.

आमचा नियम त्यातूनच निघाला. एक रंग, एक गिटार. परत तो रंग करायचा नाही, कुणी कितीही मागू दे. गॅरेजमध्ये अब्बांची पद्धत अशी की प्रत्येक शेडची पत्र्याची पट्टी रंगवून तारेला टांगायची, मागे मापं लिहायची. गिटारींच्या पट्ट्या मी टांगत नाही. पट्टी पाकिटात घालते, मागे मापं, पाकीट चिकटवून गिटारीबरोबर देऊन टाकते. उद्या टवका उडाला तर मालकानं पाकीट घेऊन यावं. माझ्याकडे कागद राहत नाही, आणि डोक्यातलं आठवडाभरात पुसलं जातं.

असे चार रंग केले. पानातल्या काताचा एक. भिजवलेल्या चुन्याचा एक. कच्च्या विटेचा एक. चौथा आंब.

आणि आंबेची पट्टी एकाच माणसाकडे आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

रागिणीचा मेसेज — "काय चाललं? लई दिवस झाले." मी काही लिहिलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं. अमरावतीत देवीदास नावाच्या माणसाचं वाद्यांचं दुकान आहे. रागिणी तारा तिथूनच घेते. त्याच्या पानावर चार गिटारी ओळीनं मांडल्यात. चारही माझ्या रंगाच्या. खाली लिहिलंय — "नवीन शेड पिस्ता".

पिस्ता!

पिस्ता काय? आइस्क्रीम आहे का ते?

हा रंग कसा झाला ते मी कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिते, म्हणजे कुणाचा आहे ते निदान कागदाला तरी कळेल. रागिणीची माय, मैनाबाई, गेल्या पावसाळ्यात वारली. त्यानंतर रागिणी चार महिने वाजवत नव्हती. डिसेंबरात आली, स्वतःची पांढरी गिटार माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "माय पहाटे हरभऱ्यावर धोतराचा कपडा पसरे. त्यावर आंब पडे. मंग ते कपडा पिळून बाटलीत भरे, पोट दुखलं की मले पाजे. लई आंबट! तवा हरभरा कसा दिसे मालूम हाये तुले? हिरवा नाही. राखेचाही नाही. तो रंग कर." आणि रडायला लागली.

हरभऱ्याचे घाटे तिनं डब्यातून आणले होते. पण अकोल्याला येईपर्यंत आंब वाळलेली, घाटे नुसते हिरवे. त्याच्यावरून काय शेड लावणार? म्हणून मी तिच्या गावी गेले, दर्यापूरच्या पुढे. तिचे बाबा, सूर्यभान काका, आम्हाला शेतात सोडून स्वतः धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी थांबले. उजाडायच्या आत मी ओल्या हरभऱ्यात उकिडवी बसले, हातात रंगवलेल्या पट्ट्या. थंडीनं बोटं गेली. सहा पट्ट्या नेल्या, सहाही खोट्या ठरल्या. दुसऱ्या खेपेला पाच. तिसऱ्या खेपेला तिसरी पट्टी झाडावर धरली, आणि ती दिसेना. झाडात मिसळून गेली. रागिणीनं माझा हात दाबला. 

त्या रंगाला पिस्ता!

८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या जाते अमरावतीला. अब्बांना सांगितलं, मैत्रिणीकडे काम आहे. अब्बा म्हणाले, "रागिणी कू मेरी दुआ देना." देते ना. चांगली देते!

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळची एसटी. आधी दुकानात गेले. देवीदास पन्नाशीचा, कानावर पेन. नाव सांगितलं नाही, भावासाठी गिटार बघते म्हणाले. त्यानं ती काढली. मी म्हटलं, दारात आणा, उन्हात बघू द्या. तो हसला. "रंगाची लई पारख दिसते ताईले."

उन्हात हिरवी. दुकानाच्या सावलीत राख. मध्ये उंबऱ्यावर धरली तेव्हा कडेला तो जरासा जांभळट श्वास. मापात एका थेंबाचाही फरक नाही! डोळ्यानं बघून कुणी नक्कल केली असती तर काहीतरी सुटलंच असतं. व्हायलेट तर शंभर टक्के सुटला असता, तो बघणाऱ्याला दिसतच नाही. हे मापावरून केलेलं काम. मापं पट्टीच्या मागे. पट्टी रागिणीकडे.

मी विचारलं, शेड कुणी दिला?

"ते नाही सांगत ताई. धंद्याची गोष्ट हाये." मग आपणहून, "रागिणी मॅडमची पायली तवापासून डोक्यात बसला होता हा कलर. त्याइच्यामुळंच झालं म्हना."

त्याइच्यामुळंच!

राजापेठला तिच्या खोलीवर गेले तेव्हा ती एका मुलीला शिकवत होती. मला बघून उठली, मिठी मारायला आली. मी मागे सरकले. मुलीला तिनं घरी पाठवलं. खुंटीला तिची गिटार टांगलेली, माझ्याकडे तोंड करून.

मी म्हटलं, देवीदासकडे चार आहेत.

ती म्हणाली, "मीबी पायल्या. तुले फोन कराव म्हनत होती. मले वाटलं तूच देल्ला शेड."

मी? नियम कुणी केला होता? मी कशाला देऊ?

"मंग मले काय इचारून राहिली?"

मापं तुझ्याकडेच आहेत, म्हणून!

तिनं कपाटातून पाकीट काढलं. चिकटवलेलं, तसंच. माझ्या हातात दिलं. "पाय. फोडलं नाही अजून." मी म्हणाले, पाकीट काय, पुन्हा चिकटवता येते.

हे मी म्हणाले. लिहिताना जरा टोचलं. पण मग काय म्हणायला पाहिजे होतं? बाई गं, मापं उडत उडत दुकानात गेली असतील?

ती खाली बसली. मग हळू म्हणाली, "मिस्बाह, तुले काय वाटते, मी माह्या मायचा रंग इकीन?"

आणि मला काय झालं कुणास ठाऊक. सात दिवसांचं साचलेलं सगळं तोंडाशी आलं. मी म्हटलं, तुह्या मायचा कायचा? तो रंग माहा हाये. थंडीत मी बसली. डोळे माहे. लाकूड तेवढं तुहं. लाकूड ठेव, आणि माहा रंग मले वापस दे!

तिनं गिटारीकडेही पाहिलं नाही.

मी पाकीट टेबलावर आपटून निघाले. एसटीत खिडकीशी बसून रडले. समोरच्या बाईनं पाणी दिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिचा नंबर ब्लॉक केला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काम. काम. एक स्कुटी, एक मालवाहू ऑटो. अब्बा विचारत होते, "अमरावती में क्या हुआ?" काही नाही म्हटलं.

वाईट याचं की आंब रंग आता मलाच आवडेनासा झाला. दाढीवाल्या पोराच्या गळ्यात पाहिला, दुकानात चार टांगलेल्या पाहिल्या, आणि तो रंग स्वस्त वाटायला लागला. रंग तर तोच आहे! एक थेंब इकडे तिकडे नाही. मग गेलं काय त्यातलं? याचा विचार करत मी आज अर्धा तास स्कुटीच्या मडगार्डावर एकाच जागी घासायचा पेपर मारत होते.

मला वाटतं, वेगळ्या रंगाची ओढ ही रंगाची नसतेच. काळ्या गिटारीला माणूस म्हणतो, ही माझी गिटार. काताच्या रंगाची ज्याच्याकडे आहे त्याला लोक म्हणतात, तो बघ, कातवाला! गिटार त्याची राहत नाही, तो गिटारीचा होतो. रागिणी आंबेची झाली होती. चार महिने बंद पडलेला हात त्या रंगानं चालू झाला होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तिनंच तो बाजारात मांडला. का? काय कमी पडलं तिला? मागितलं असतं तर मी दुसरे दहा रंग करून दिले असते.

लोकांना रंग दिसतो तसा मला दिसत नाही, जरा जास्तच दिसतो. माणूस मात्र दिसला नाही. दहा वर्षांची मैत्री, एका ताटात जेवलो!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एका दमात लिहितेय. अक्षर वाईट येईल.

अब्बा दुपारच्या, जोहरच्या नमाजला गेले होते, मोबाइल स्टुलावर. वाजला. त्यांना नंबर दिसत नाही म्हणून त्यांचे फोन मीच घेते. हॅलो म्हणायच्या आधी पलीकडून — "उस्ताद, देवीदास बोलून राहिलो, अमरावतीहून! चारी गेल्या. पुढचा शेड कवा देता?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, मी त्यांची मुलगी बोलते.

"हाव का! तुमीच मिस्बाह का? अवो रागिणी मॅडम तर तुमचंच नाव घेतात. मी जानेवारीत आलो होतो ना तिकडं. मॅडमनंच पत्ता देल्ला. म्हने, अकोल्याले जा, मिस्बाहले भेट, ते दुसरा एखादा भारी कलर करून देईन. हा मागू नको म्हने, हा दुसऱ्याले देत नाही ते. तुमी लग्नाले गेल्या होत्या बाळापूरले. मंग तुमचे वडील म्हनले, शेड माहाच हाये, पोरगी निस्ता पेपर मारते."

पोरगी नुसता पेपर मारते.

मी फोन ठेवला. अब्बांची वाट बघत उभी राहिले. अब्बा आले, टोपी खिशात घातली, स्टुलावर बसले. मी विचारलं. ओरडले नाही. इतकी थंड मी कधी बोलले नव्हते. देवीदासला आंब तुम्ही दिला?

त्यांनी नाकारलं नाही. उलट जरा हसले. "अच्छा निकला ना?"

मापं कुठून मिळाली?

"तूनेच तो दी."

आणि मग त्यांनी सांगितलं. लहानपणापासून त्यांनी मला मिक्सिंग शिकवलं ते असं — हलक्यापासून गडदाकडे जायचं, आधी सफेद, मग पिवळा, हिरवा, काळा, सगळ्यात शेवटी व्हायलेट. हा क्रम मोडायचा नाही. आणि प्रत्येक मापानंतर पळी डब्याच्या काठावर एकदा ठोकायची. एक माप, एक ठोका. थेंब असेल तर नखानं टिचकी. म्हणजे बोलता बोलता मोजणी चुकत नाही. मी आजही तसंच करते, झोपेतसुद्धा करीन. डिसेंबरात आंबेचं शेवटचं, खरं मिक्सिंग केलं तेव्हा अब्बा याच स्टुलावर, माझ्याकडे पाठ करून बसले होते. त्यांनी ठोके मोजले; डबा बदलल्याचा आवाज आला की पुढचा रंग.

"मेरेकू दिखता नहीं बेटा. सुनाई तो देता है."

कागद लपवला, पाकीट चिकटवलं, पट्टी तारेला टांगली नाही! आणि मापं स्वतःच्या हातानं वाजवून दाखवली.

मी म्हटलं, अब्बा, तो एकच करायचा होता. तुम्हाला माहीत होतं.

"रंग क्या छुपाने की चीज है?" म्हणाले. चाळीस वर्षांत गॅरेजचा शेड गॅरेजचाच असतो, त्यात तुझा-माझा कधी नव्हतं. पैसे तर त्यांनी घेतलेच नाहीत. देवीदाससमोर डबे उघडले, क्रमानं मापं घातली, ठोके दिले. तो म्हणाला, वा उस्ताद! बस. मग खाली बघत, एकदम हळू — "दो साल से मेरे हाथ से कुछ नहीं निकला रे."

दया आली. आली, खोटं कशाला लिहू? पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं, ते गेलं नाही. मी विचारलं, आणि मी नुसता पेपर मारते का?

त्यांनी टोपी काढली, परत खिशात ठेवली.

मग त्यांनी जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मिस्बाह, वो रंग... कैसा दिखता है?"

त्यांनी तो कधी पाहिलेलाच नाही! नुसता ऐकलाय. न पाहिलेल्या रंगावर स्वतःचं नाव घातलं आणि माझं काढलं. दोन वर्षं मी पाठीमागे उभं राहून त्यांचा मान राखला, आणि एकदा, एकदाच कुणीतरी माझं नाव विचारत दारात आलं, तर त्यांनी —

लिहवत नाही.

आणि रागिणी! नाव सांगितलं ते तिनं. पत्ता दिला तो तिनं. हा मागू नको म्हणून बजावलं तेही तिनं. आणि मी तिला काय म्हणाले?

संध्याकाळी नंबर अनब्लॉक केला. फोन लावला, उचलत नाही. सहा वेळा. मग सगळं लिहिलं — देवीदास, अब्बा, ठोके, सगळं. खाली लिहिलं, मी हरामखोर आहे, तू नाहीस. त्या रंगात तुझी माय आहे, तो माझा नाही, कधीच नव्हता. रविवारी येते, दार उघडू नको हवं तर, बाहेर बसते. पाठवून दिलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तिनं वाचलंय. उत्तर नाही.

आज एका गाडीचा करडा शेड लावायचा होता. ठरवलं, ठोकायचं नाही. पळी उचलली, ओतली, गप्प ठेवली. तीन मापांनंतर मोजणी गेली. चार झाली की पाच? डबा बघत उभी राहिले. अब्बा पाठ करून बसलेले, तसेच म्हणाले, "पाँच."

पट्टी मारून पाहिली, बरोबर होते. ओतण्याच्या आवाजावरूनही कळतं त्यांना! मी तो डबा उचलून उरलेल्या रंगांच्या पिंपात ओतला. चांगला, भरलेला डबा. अम्मी दारातून बघत होती.

नंतर अब्बा जुम्याच्या नमाजला निघाले. दाराशी थांबून म्हणाले, देवीदासला मी फोन करतो, सांगतो पोरीचा शेड आहे. मी म्हटलं, करा. केला की नाही माहीत नाही. मी विचारणारही नाही.

रागिणीला अजून तीन मेसेज केले. तिन्ही वाचले. वाचते म्हणजे ऐकून घेते, असं मी स्वतःला समजावतेय. परवा सकाळची पहिली एसटी धरते. सूर्यभान काकांनाही फोन करावा का? नको. आधी तिच्या पायाशी जाऊन बसते. शिव्या देऊ दे, तिच्या शिव्या मला पाठ आहेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कुरिअर आलं. रागिणीचं. मिठाईचा रिकामा डबा, चारी बाजूंनी टेप.

आत चुरा आहे. आंब. अख्ख्या गिटारीची. खरवडलेले टवके आणि पेपर मारून काढलेली भुकटी. डबा काठोकाठ भरलाय. चिठ्ठी नाही.

पावतीवर तारीख बुधवारची आहे. मी तिला खरं सांगितलं ते गुरुवारी.